चार बोटांची जागा

रघूची बोटं अडकली. मागच्या चाकावरच्या कमानीखाली त्यानं नेहमीसारखा पंजा उभा करून आत घातला आणि चार बोटं जायची तिथे दोनच गेली. उरलेली दोन बाहेर राहिली, गाडीच्या पत्र्याला टेकून, दारात थांबवलेल्या पाहुण्यांसारखी. त्यानं हात काढला, बोटांकडे पाहिलं, पुन्हा घातला. पुन्हा दोनच. मी लिंबांचं ताट हातात घेऊन जवळच उभी होते. आमच्या इमारतीच्या तळघरात त्या सकाळी आयुधपूजेची गर्दी होती. गाडीगाडीला झेंडूच्या माळा, चाकांना हळदकुंकू, कुणीतरी नुकत्याच फोडलेल्या कोहळ्याचा ओला हिरवट वास. त्या गडबडीत माझ्या मुलाची दोन बोटं बाहेर राहिली हे फक्त मला दिसलं. कार्तिक, त्याचा मुलगा, पुढे बॉनेटपाशी हार बांधत होता आणि हार बांधता बांधता चोरून वडलांकडे बघत होता. आता त्यांच्या लक्षात येईल, आता येईल, असं त्याच्या सगळ्या अंगावर लिहिलेलं होतं. रघू सरळ उभा राहिला. कार्तिककडे वळला. आणि अतिशय अदबीनं, कानडीत म्हणाला, "गाडी निम्दा?" गाडी तुमची का.

बाहेरच्याला यात काही वाटणार नाही. आमच्या घरात त्याचा अर्थ वेगळा होता. शहाजीराजांच्या फौजेमागून आमचे पूर्वज इकडे बेंगळुरात आले म्हणतात. खरं खोटं देव जाणे, पण तेव्हापासून उंबऱ्याच्या आत मराठी आणि उंबऱ्याबाहेर कानडी, अशी आमची रीत. मराठीही कसली, पुण्याच्या माणसाला हसू यावं अशी. माझी सून नीलिमा पुण्याहून लग्न होऊन आली तेव्हा तिला आलंच. थोडं म्हणायला आमचं 'स्वल्प' आणि बरं म्हणायला आमचं 'सरी' ऐकून ती पदर तोंडाला लावायची. तरी पोटच्या पोराशी कानडीत बोलणारा बाप मी आमच्यात पाहिलेला नाही. रागातसुद्धा नाही. विसरण्याच्या आजारात रघू बरंच काही हरवून बसला होता, पण उंबरा त्याचा शाबूत होता. दूधवाल्याशी कानडी, लिफ्टमधल्या शेजाऱ्याशी कानडी, आमच्याशी मराठी. कार्तिकचं नाव सापडलं नाही की 'अरे' म्हणायचा, 'बाळ' म्हणायचा, पण मराठीत. त्या सकाळी त्यानं एका वाक्यात मुलाला उंबऱ्याबाहेर उभं केलं, आणि तेही किती सौजन्यानं. कार्तिकला आधी वाटलं अप्पा थट्टा करतायत. तो हसला.

बोटांनी जग मोजायची सवय रघूला जन्मापासूनची. तान्हा होता तेव्हा माझ्या बांगडीत बोट घालून झोपायचा. बांगडी आणि मनगट यांच्यामधली फट चाचपायचा, ती कालच्याइतकीच आहे अशी खात्री झाली की डोळे मिटायचा. बाळंतपणात माझ्या अंगावर सूज होती. ती उतरत गेली, बांगड्या सैल झाल्या, आणि त्या दिवसांत तो झोपेना. सासूबाई मीठमोहऱ्या ओवाळायच्या. मला आपलं वाटायचं, बांगडीचंच आहे हे, पण असलं कुणाला सांगायची सोय नव्हती. पुढे तो चालायला लागला आणि चामराजपेटच्या आमच्या घरासमोर स्कूटर दुरुस्तीचं दुकान होतं तिथे जाऊन बसू लागला. तेलाचा आणि जळक्या रबराचा वास अंगाला घेऊन परत यायचा. मला 'अक्का' म्हणायचा, कारण माझा धाकटा भाऊ शिकायला आमच्याकडे राहायचा आणि तो अक्का म्हणायचा. आई म्हणायला याला कुणी शिकवलंच नाही. त्याचे वडील शेषगिरी घड्याळांच्या कारखान्यात होते. त्यांच्याकडे केसाएवढी जाडी मोजायची साधनं होती आणि त्यांना मुलाचं हे बोटांनी मोजणं अडाणीपणाचं वाटायचं. रघू रस्त्याच्या कडेला उकिडवा बसून, एक डोळा मिटून, उभ्या गाड्यांकडे बघत राही. पळणाऱ्या गाड्यांचं त्याला विशेष नव्हतं. "पळते कशी ते कुणीपण बघतं अक्का," तो म्हणायचा, "उभी कशी राहते ते बघायचं." मी काय बघणार. मी त्याच्या मिटलेल्या डोळ्याकडे बघत असे. त्या डोळ्याच्या कोपऱ्यात तीन सुरकुत्या पडायच्या, म्हाताऱ्या माणसासारख्या, आणि मला भीती वाटायची.

ही गाडी त्यानं घेतली ती नोकरीत वर चढल्यावर, केस पांढरे व्हायला लागल्यावर. जर्मन बनावटीची एसयूव्ही, पण डोंगर चढण्यापेक्षा पळण्यासाठी केलेली. ओल्या शेवाळासारखा काळपट हिरवा रंग. घरी आणली त्या दिवशी त्यानं तिच्याभोवती फेरी मारली, प्रत्येक चाकाच्या वर पंजा उभा करून घातला आणि माझ्याकडे बघून चार बोटं दाखवली. "बघितलंस? एवढी देखणी गाडी, आणि उभी राहिलीय पावसात धोतर वर धरून चाललेल्या माणसासारखी." दोन बोटं खाली आली पाहिजे, म्हणाला, आणि चाकं थोडी बाहेर. कसं करणार, मी विचारलं. मी तेव्हा स्वयंपाकघरात नाचणीच्या भाकऱ्या थापत होते. त्यानं टोपलीतली गरम भाकरी उचलली, दोन ताटल्यांच्या मध्ये धरली आणि सांगितलं, ही ताटली म्हणजे चाक, ही म्हणजे ते बसतं ती जागा, आणि मध्ये ही भाकरी. स्पेसर म्हणतात. चाक एवढं बाहेर येतं. आणि स्प्रिंगा बदलायच्या, आखूड घालायच्या, की गाडी बसते. नीलिमा बाहेरून ऐकत होती. बेंगळुरात पावलापावलाला स्पीडब्रेकर आहेत, गाडी पोट घासत जाईल, वॉरंटी जाईल ती वेगळीच, आणि ह्या वयात हे शोभतं का, असं तिनं एका दमात विचारलं. रघू भाकरी खात म्हणाला, बरं, रिटायर झाल्यावर. त्यानंतर ते एक घरातलं बोलणंच होऊन गेलं. गाडीत बसण्याआधी तो मागच्या चाकावर हात घालायचा, चार बोटं आत गेली की मान हलवायचा, अजून रिटायर व्हायचंय म्हणायचा, आणि मग बसायचा. मी कधी मागे बसलेली असले तर काचेतून ते बघत असे. देवळात शिरताना घंटा वाजवावी तसं ते झालं होतं. त्याचं त्यालाही कळत नसेल.

तो रिटायर झाला नाही. त्याला घरी पाठवलं. आधी आकडे गेले, मग इंग्रजी शब्द गेले, मग एका संध्याकाळी हेब्बाळच्या सिग्नलला दिवा हिरवा झाला आणि तो निघालाच नाही. मागे हॉर्न वाजत राहिले आणि तो स्टिअरिंगवर हात ठेवून शांतपणे बसून होता. नीलिमानं उतरून, वळसा घालून, त्याला शेजारच्या जागेवर सरकवलं. डॉक्टरांनी त्या आजाराचं नाव सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही. त्या नावानं आमच्या घरात इतकी जागा खाल्ली आहे की कागदावर तरी त्याला जागा देऊ नये असं मला वाटतं. मी त्याच्याहून चोवीस वर्षांनी मोठी. माझ्या डोक्यात अजून चामराजपेटच्या प्रत्येक दुकानाची पाटी आहे, सासूबाईंच्या लुगड्यांचे काठ आहेत, मेलेल्या माणसांचे आवाज आहेत, आणि त्याच्या डोक्यात संध्याकाळी सकाळ राहत नाही. हा उलटा हिशेब घेऊन मी देवासमोर बसते तेव्हा हात जोडले जात नाहीत.

पण गाडी राहिली होती. घरात तो हरवल्यासारखा या खोलीतून त्या खोलीत फिरायचा, पण तळघरात गाडीपाशी नेलं की चाल बदलायची. मागच्या चाकापाशी थांबायचं, हात घालायचा, चार बोटं, मान हलवायची, बसायचं. चालवायला कार्तिक. तो कोरमंगल्याला मित्रांबरोबर राहायचा, तिथेच कुठल्याशा नव्या कंपनीत काम करायचा, आणि शनिवारी सकाळी यायचा. तळ्याच्या कडेनं, पुलावरून, विमानतळाच्या रस्त्यानं ते दोघं जात आणि मागे मी. आणि गाडीत, फक्त गाडीत, रघूला त्याचं नाव सापडायचं. "कार्ती, स्वल्प हळू." "कार्ती, डावीकडे बस आहे." घरी जेवताना ज्याच्याकडे परक्या नजरेनं बघायचा त्याला तिथे बसल्यावर बाप होऊन दटावायचा. एकदा परत आल्यावर रघू लिफ्टमध्ये शिरला तेव्हा कार्तिक मागे राहून मला म्हणाला, "अज्जी, मी फक्त तिथेच त्यांचा मुलगा आहे." तो हसत म्हणाला. त्याचं हसणं आजोबांवर गेलंय, एका बाजूनं.

म्हणून त्याच्या मनात ते आलं असेल. दसऱ्याच्या आधी तो एकटाच माझ्यापाशी स्वयंपाकघरात आला आणि म्हणाला की अप्पांना गाडीचं जे करायचं होतं ते मी करून टाकतो. त्यांना कळतंय तोवर. मग मी म्हटलं, कर. नीलिमाला सांगायचं नाही असं ठरलं, आणि शेंगा चोरून आणणाऱ्या पोरांसारखी आम्हाला त्यात मजा वाटली. मला किती बरं वाटलं होतं हे आठवलं की अजून तोंडात कडू येतं. गॅरेज जयसिंगरावांचं, रघूच्या कॉलेजातला मित्र, आमच्याच इकडचा मराठा. मला बघायचं आहे म्हटल्यावर कार्तिकनं मला रिक्षानं तिथे नेलं. गाडी हवेत उचललेली होती आणि चाकं काढलेली. बाईमाणसानं बघू नये असं काही बघितल्यासारखं मला झालं. जुन्या स्प्रिंगा भिंतीला टेकवल्या होत्या, उंच, चिखलानं माखलेल्या. नव्या लाल होत्या आणि बसक्या. अॅल्युमिनियमच्या चकत्या एका फडक्यावर मांडलेल्या, खरंच भाकरीएवढ्या जाड. मी त्यातली एक हातात घेऊन बघितली. थंड होती. जयसिंगराव हात पुसत आले. "अनुसूयाक्का, तुमच्या पोरानं कॉलेजात माझी मोटरसायकल अशीच बसवली होती, पहिल्याच खड्ड्यात सायलेन्सर पडला. आता त्याच्या गाडीवर सूड घेतो." मग त्यांनी तोंड दुसरीकडे केलं आणि कार्तिकला उगाच ओरडले की जुन्या स्प्रिंगा घेऊन जा, मला इथे अडगळ नको. गाडी खाली आली तेव्हा मलासुद्धा कळलं. काय कळलं ते सांगता येणार नाही. ती जमिनीला धरून उभी होती. रघू एवढी वर्षं एक डोळा मिटून जे बघायचा ते मला त्या दिवशी दोन्ही डोळे उघडे ठेवून दिसलं, आणि मी मनात म्हटलं, आता त्यालाही दिसेल.

त्याला दिसलंच. तेच तर झालं. "अप्पा, आपलीच आहे ही," असं कार्तिक त्या सकाळी दोनदा म्हणाला. रघू हसला, दुकानदार फार आग्रह करायला लागला की आपण हसतो तसं. मग उकिडवा बसला. गुडघे वाजले. एक डोळा मिटला. त्या कोपऱ्यातल्या तीन सुरकुत्या आता खऱ्याच म्हाताऱ्या झाल्या आहेत. "चेन्नागिदे," तो म्हणाला, छान आहे, आणि बरंच काही बोलू लागला. इतकं सलग बोलणं आम्ही किती दिवसांत ऐकलं नव्हतं. कानडीत, त्या परक्या मुलाला त्यानं सांगितलं की माझ्याकडेही हीच गाडी आहे, रंगही हाच, पण उंच उभी राहते. मलाही असंच करायचं आहे. चकती किती जाडीची घातली? कार्तिकनं जाडी सांगितली. कुठल्या भाषेत सांगितली ते त्याला तेव्हा कळलं नसावं, कानडीतच सांगितली. पुढच्या चाकांना कमी, मागच्यांना जास्त. रघूनं समजून मान हलवली. हेच बरोबर, म्हणाला. मग उठला, हात झटकले, माझ्याजवळ आला आणि मराठीत, अगदी हळू, त्या मुलाला ऐकू जाऊ नये म्हणून, म्हणाला, "अक्का, आपली गाडी कुठे लावलीय?"

लिंबं मी चाकांखाली ठेवली. ठेवायची म्हणून ठेवली. चाकं बाहेर आली होती, त्यामुळे हात पूर्वीच्या जागी गेला तिथे चाकाची बाजूच लागली आणि बोटांना रबराचा गार स्पर्श झाला. कार्तिकनं एकट्यानं गाडी पुढे घेतली. लिंबं फुटली. रघू खांबापाशी उभा राहून दुसऱ्याच्या पूजेला हात जोडावेत तसे जोडून होता.

वर आल्यावर नीलिमा ओरडली नाही. तिनं पुरण वाटायला घेतलं होतं ते वाटत राहिली. मग पाठमोरी म्हणाली, आई, तुम्हाला तरी कळायला हवं होतं. थोड्या वेळानं वळली. डोळे कोरडे होते. "दोन बोटं खाली पाहिजे होती ती त्या रघूला, आई. तो गेला. हा जो आहे ना, त्याला आहे तसंच सगळं हवंय. टॉवेल त्याच खुंटीवर. कप तोच. मी सहा वर्षांत पडदा बदलला नाही." मी बघितलं, खरंच तोच पडदा होता, उन्हानं विटलेला. मी त्याच खोलीत रोज बसत होते. आईची माया, आईची माया म्हणतात, पण मी जुन्या रघूला धरून बसले होते, आणि ही पुण्याची मुलगी, जिला आमची भाषा हसू आणायची, ती न बोलता या नव्या रघूच्या संसाराला लागली होती. मला तिच्यापुढे लाज वाटली असं नाही. मला एकटं वाटलं.

मग वाट बघणं सुरू झालं. रघू सकाळी आंघोळ करून, शर्ट खोचून तयार होई आणि खाली चल म्हणे. आपली गाडी सर्व्हिसिंगला गेलीय, आज आणून देतील, असं त्याचं त्यानंच ठरवलं होतं. खाली जाऊन तो आपल्याच गाडीच्या शेजारी उभा राहून आपली गाडी यायची वाट बघे. नीलिमा म्हणाली, याच गाडीतून जाऊन येऊ. तो नाही म्हणाला. लोकांच्या गाडीत असं बसू नये. दुपारी जेवेना. संध्याकाळ झाली की उठबस सुरू व्हायची, गाडी आली का, फोन केला का. कार्तिक ऑफिसला सांगून घरून काम करू लागला आणि आमच्याकडेच राहिला. तो खाली आला की रघूचा चेहरा उजळायचा. "बन्नी, बन्नी," या, या. मी खुर्ची टाकून बसलेली असायची. हे दोघं त्या हिरव्या गाडीपाशी उकिडवे बसायचे आणि बोलायचे. वळणावर आता अंग कमी टाकते का, खड्ड्यात किती दणका बसतो, टायर आत घासतं का. रघूचे शब्द अडायचे, पण तो दुसरा शब्द शोधायचा, हातानं दाखवायचा, हसायचा. मी माझ्या मुलाला त्याच्या मुलाशी असं बोलताना कधीच पाहिलं नव्हतं. आमच्यात बाप मुलाशी कामापुरतं बोलतो. शेषगिरी रघूशी तसेच, रघू कार्तिकशी तसाच. अभ्यास, फी, हेल्मेट. आता मध्ये नातं नव्हतं आणि बोलणं वाहत होतं.

एका सकाळी रघू त्याला म्हणाला की मला तुमच्याएवढाच मुलगा आहे. कार्तिकचा हात टायरवर होता, तो तिथेच राहिला. काय करतो, त्यानं विचारलं. रघूनं आठवून पाहिलं. कामाला आहे, म्हणाला. गाडी चांगली चालवतो, ब्रेक जरा उशिरा लावतो. मग म्हणाला की त्याला हे दाखवायला पाहिजे, पण तो शनिवारीच येतो. तो मंगळवार होता. मी खुर्चीतून उठले आणि लिफ्टकडे गेले. लिफ्ट आली, दार उघडलं, मिटलं, मी आत गेलेच नाही. चामराजपेटच्या घरातली एक दुपार मला आठवत होती. रघू दहावीत, पहिल्यांदा नापास झालेला, आणि शेषगिरी ओसरीत घड्याळाचं मागचं झाकण काढून बसलेले. दोघांमध्ये एका हाताचं अंतर. मला आतून सारखं वाटत होतं की यांच्यापैकी कुणीतरी परका असता तर किती बरं झालं असतं. परक्याला तरी यांनी पाणी विचारलं असतं.

त्या दिवशी दुपारी कार्तिक माझ्या खोलीत येऊन खाटेच्या कडेला बसला. आई म्हणते जुन्या स्प्रिंगा परत घाल, म्हणाला. जयसिंग अंकल तयार आहेत. मी म्हटलं, मग घाल. अप्पा जेवत नाहीयेत. त्यानं मान हलवली आणि चादरीचा धागा ओढत राहिला. धागा लांब होत गेला. मी त्याला अडवलं नाही. "अज्जी," तो म्हणाला, "जन्मात ते माझ्याशी एवढं बोलले नव्हते." त्यानं धागा बोटाला गुंडाळला. "मी सर आहे त्यांचा. नाही, ते माझे सर. मी त्यांना सर म्हणतो खाली. त्यांना आवडतं." मग तो हसला, एका बाजूनं, आणि ते हसू तिथेच अडकलं. "परत उंच केली तर ते मला कार्ती म्हणतील. म्हणतील ना?" कार्ती म्हणाला असता तरी दटावायलाच म्हणाला असता. स्वल्प हळू, डावीकडे बस. आणि हा तेवढ्यासाठी ही सगळी बोलणी सोडून द्यायला निघाला होता. तेवढ्यासाठी, आणि बापाच्या पोटात दोन घास जावेत म्हणून. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. केस माझ्या नवऱ्यासारखे राठ. म्हणेल रे, मी म्हटलं. मला माहीत नव्हतं.

स्प्रिंगा परत घातल्या, चकत्या काढल्या. जयसिंगराव स्वतः गाडी घेऊन आले आणि वर चहाला न थांबता रिक्षानं निघून गेले. शनिवार होता. आम्ही चौघं खाली गेलो. नीलिमा सहसा येत नाही, त्या दिवशी आली. गाडी पुन्हा उंच उभी होती, धोतर वर धरून. रघू मागच्या चाकापाशी गेला. पंजा उभा केला. चार बोटं आत गेली. त्यानं ती तिथेच ठेवली, आत, क्षणभर, गरम पाण्यात हात ठेवावा तशी. मान हलवली. "आली," तो मराठीत म्हणाला, "आपली गाडी आली." नीलिमानं तोंडावर पदर घेतला; आता ती साडी नेसत नाही, ओढणी होती. तो दार उघडून पुढे बसला, पट्टा लावून घेतला, हात मांडीवर ठेवले. मी मागे बसले; नीलिमा खांबापाशीच थांबली. कार्तिक चालवायला बसला.

तळ्याच्या कडेनं गेलो. पाण्यावर उन्हाचे तुकडे होते आणि पुलाखाली माणसं मासे विकत होती. स्पीडब्रेकरवरून गाडी मऊ उचलली गेली, मऊ खाली आली. रघूच्या खांद्यांमधला ताण सुटलेला मला मागून दिसत होता. मानेवरचे केस वाढले होते. कार्तिक जरा जोरात चालवत होता, मुद्दाम, मला कळत होतं. त्याला दटावून घ्यायचं होतं. पुलावर चढलो, उतरलो. एक बस डावीकडून घुसली. त्यानं तिला अगदी जवळ येऊ दिली. रघू काही बोलला नाही. बाहेर बघत होता, समाधानानं, पाहुण्यासारखा. विमानतळाच्या रस्त्याला लागल्यावर तो माझ्याकडे वळला.

"अक्का, तो मुलगा आज दिसला नाही."

कोण मुलगा, मी विचारलं.

"तो. खाली असतो ना. त्याची गाडी फार छान आहे." त्यानं शब्द शोधला, सापडला नाही, तळहात हवेत खाली दाबून दाखवला. "मला विचारायचं होतं त्याला. चांगला मुलगा आहे."

मी आरशात पाहिलं. आरशात कार्तिकचे डोळे नव्हते, रस्त्यावर होते. रघू पुन्हा समोर वळला. गाडी चालवणाऱ्या माणसाकडे त्यानं जरा संकोचानं बघितलं. मग कानडीत, अदबीनं, त्याला विचारलं की तुम्ही ओळखता का त्याला, तो खाली येतो तो, बुटक्या गाडीवाला.

"गोत्तु, सर," कार्तिक म्हणाला. ओळखतो.

आला की सांगा, रघू म्हणाला, मी विचारत होतो म्हणून.

सांगतो, सर, म्हणाला तो.